खुल्या कोळसा खाणीची पर्यावरण फाइल: आधी काय, मग काय, आणि गाडी कुठे अडते

खाण वर्धा खोऱ्यात, कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईत आणि खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल लिहिणारे आम्ही बेलापूर-ठाण्यात. मधे साडेआठशे किलोमीटर. परत आलेल्या बऱ्याच फायली गेल्या काही वर्षांत चाळल्या. कागद कमी पडला म्हणून अडलेली फाइल त्यात क्वचितच सापडली. बहुतेक अडल्या त्या उलट्या क्रमामुळे, नाहीतर एकच आकडा पाच कागदांत पाच तऱ्हेने छापल्यामुळे. म्हणून हा लेख क्रमानेच वाचा. चौथ्या टप्प्यावर असाल तरी पहिल्या तिघांवर एकदा नजर टाका, कारण घोटाळ्याचं मूळ तिथेच असतं.

एक गोष्ट आधीच. पर्यावरण मंजुरी, म्हणजे आपण रोज म्हणतो ती ईसी, हातात येईपर्यंत जागेवर कुंपण आणि राखणदाराची तात्पुरती शेड यापलीकडे काही करायचं नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत जमिनीची तयारी करणंही मंजुरीआधी बंद आहे, फक्त जागा सुरक्षित करायला मोकळीक आहे. "फक्त रस्ताच सपाट केला" हे उत्तर चालत नाही. उपग्रहाच्या चित्रात तो रस्ता तारखेसकट दिसतो.

१. जमिनीचे कागद: कोकणी डोळ्यांनी वाचू नका

ठाणे जिल्ह्यात सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'खाजगी वन' दिसलं की आपल्या पोटात गोळा येतो. तेच आपण विदर्भातल्या सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' वाचून पुढे जातो, कारण ही नोंद आपल्याकडे नसतेच. महसुली जमीन समजून ती बिगरवन रकान्यात टाकली की सगळा हिशेब फिरतो. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे १९८० च्या वन कायद्याखालचं वनच धरलं आहे. म्हणजे वन मंजुरी, पर्यायी वनीकरण आणि गेलेल्या वनाच्या निव्वळ वर्तमान मूल्याचा भरणा, तिन्ही तिथे लागू.

गावनिहाय तक्ता करा: गट क्रमांक, क्षेत्र, सातबारा काय म्हणतो, वनखात्याचा नकाशा काय म्हणतो. पाचवा रकाना निस्तारपत्रकासाठी. गुरचरण, सरपण, पांदण रस्ता, स्मशान यांचे गावाचे हक्क त्यात लिहिलेले असतात. जनसुनावणीत पहिला प्रश्न बहुतेक पांदणीवरूनच येतो: आमचा वावराकडे जायचा रस्ता कुठून काढणार?

त्याच वेळी ताडोबा-अंधारी किंवा टिपेश्वरपासूनचं अंतर वन्यजीव विभागाकडून प्रमाणित नकाशावर घ्या. गुगलवर रेघ ओढून काढलेलं अंतर मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीत टिकत नाही. वाघांच्या भ्रमणमार्गाचा प्रश्न येतो, तेव्हा तर अंतर किलोमीटरात सांगून भागतच नाही.

तपासा: खाणपट्ट्याचं एकूण क्षेत्र खाण आराखड्यात, गटवार तक्त्यात, वन प्रस्तावात आणि केएमएल फाइलमध्ये (संगणकावरच्या नकाशात) दशांश चिन्हापर्यंत एकच आहे का? नसेल तर इथेच थांबा.

२. मातीचा हिशेब: ढिगारा कुठे बसणार?

अहवालाचा सगळ्यात कच्चा भाग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

खुल्या खाणीतून कोळशापेक्षा माती-दगड कितीतरी जास्त निघतो. आपण त्याला ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतो, गावकरी मातीचे डोंगर म्हणतात, आणि त्यांचा शब्द जास्त खरा आहे. समजा वर्षाला १० लाख टन कोळसा आणि प्रत्येक टनामागे ५ घनमीटर ओबी. झाली ५० लाख घनमीटर. पण जमिनीत घट्ट बसलेला खडक फोडला की फुगतो. हा फुगवटा २५ टक्के धरला तर ढिगाऱ्यावर जातात साडेबासष्ट लाख घनमीटर. ३० मीटर उंचीच्या ढिगाऱ्याची उतार आणि पायऱ्या वजा जाता सरासरी उंची २० मीटर धरा. जागा लागते सुमारे ३१ हेक्टर, तीही एका वर्षाच्या मातीला. खाणीच्या खड्ड्यातच माती परत भरायला सुरुवात होईपर्यंत तीन-चार वर्षं जातात. तोवरची सगळी माती बाहेरच ठेवायची असते.

अहवालांत फुगवटा धरलेला नसतो, किंवा ढिगारा उभ्या भिंतींच्या डब्यासारखा मोजलेला असतो. मंजुरीपत्रांत ढिगाऱ्याचा एकंदर उतार २८ अंशांच्या आत ठेवायची अट नेहमी येते. तो उतार धरून क्षेत्र पुन्हा काढलं की जागा अपुरी पडते. मग ढिगारा नाल्याकडे सरकतो, किंवा उंची वाढते. अर्ज गेल्यावर हे लक्षात आलं तर खाण आराखडा बदलावा लागतो आणि त्यामागोमाग टीओआरही, म्हणजे अहवालात काय काय अभ्यासायचं ते ठरवून देणारं पत्र. म्हणून ही आकडेमोड अर्जाच्या आधी.

वरची सुपीक माती या हिशेबात वेगळी ठेवा. काळी माती ओबीखाली गाडली गेली की ती संपली. मग पुढे ढिगाऱ्यावर झाडं का जगत नाहीत, याच्या बैठका भरतात. तिचा साठा वेगळा, कमी उंचीचा, गवत किंवा शेंगवर्गीय पीक पेरलेला आणि नकाशावर दाखवलेला हवा.

सावधान: "ओबी रस्त्यांच्या भरावासाठी देण्यात येईल" हे वाक्य आकड्याशिवाय लिहू नका. किती, कोणाला, कोणत्या परवानगीने, हे समिती विचारते.

३. पाण्याचा हिशेब: एक मीटर बाय एक मीटरची नाली

खाण आणि ढिगारा यांच्याभोवती पाणी अडवून वळवणारी नाली असते. इंग्रजी अहवालातली ती गारलँड ड्रेन, आणि साइटवरही तेच म्हणतात. जवळपास प्रत्येक मसुद्यात तिचं माप एकच सापडतं: एक मीटर रुंद, एक मीटर खोल. कुठून आलं, कोणी विचारत नाही.

माप असं काढायचं. नालीकडे येणारं पाणलोट १०० हेक्टर, वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक ०.६ आणि तासाला ६० मिलिमीटर पाऊस. तिन्हींचा गुणाकार करून ३६० ने भागा. येतात सेकंदाला १० घनमीटर. मंजुरीच्या नेहमीच्या अटींत नाली आणि संपसाठी (खाणीतलं पाणी साठवायच्या खड्ड्यासाठी) अचानक येणाऱ्या सर्वाधिक पावसावर ५० टक्के जास्तीची क्षमता मागतात. म्हणजे १५ घनमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला तर नालीचा छेद लागतो १० चौरस मीटर. आपली ती एक बाय एकची नाली वाहून नेते दीड घनमीटर, गरजेच्या एक दशांश. उरलेलं पाणी ढिगाऱ्याचा पायथा धुऊन शेतात उतरतं आणि एका रात्रीत कापसाच्या वावरावर गाळाचा थर बसतो.

पावसाचे आकडे खाणीजवळच्या केंद्राचेच घ्या. हे सांगायची वेळ यावी, याचं वाईट वाटतं. पण एका मसुद्यात मी ठाण्याचा पाऊस चंद्रपूरला पडलेला पाहिला आहे. त्याच मसुद्याच्या जैवविविधतेच्या प्रकरणात कांदळवनही होतं. जुन्या अहवालावर नवं नाव चढवलं की हे होतं. तो माझ्याच टेबलावरून पुढे गेला होता, म्हणून कंपनीचं नाव सांगत नाही. २००६ च्या अधिसूचनेत चुकीची, दिशाभूल करणारी माहिती जाणूनबुजून दिली तर अर्ज फेटाळायची आणि दिलेली मंजुरी रद्द करायची तरतूद आहे. आळसाने केलेली नक्कल आणि जाणूनबुजून केलेली नक्कल, समोरच्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

दुसरं पाणी जमिनीखालचं. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे आणि तो पाणी धरतो. खाण खोल जाईल तसा त्याचा उपसा होतो आणि आसपासच्या विहिरी उतरतात. म्हणून विहिरींची यादी खाणीआधीची हवी: मालक, खोली, पाण्याची पातळी, वापर. खाण सुरू झाल्यावर केलेल्या यादीवर गाव विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना-हरकत लागते. तो अर्ज शेवटच्या महिन्यावर टाकू नका.

तपासा: नाला वळवायचा आहे का? असेल तर पाटबंधारे विभागाची परवानगी आणि वळवलेल्या पात्राचं संकल्पन, दोन्ही आताच हातात घ्या.

४. टीओआरचा अर्ज

वरचे तीन हिशेब जुळले असतील तर हा टप्पा सोपा आहे. अर्ज मंजुऱ्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर, सोबत पूर्व-व्यवहार्यता अहवाल आणि नकाशे. मोठी खाण केंद्रीय मंत्रालयाकडे जाते, लहान राज्य प्राधिकरणाकडे. क्षेत्राच्या मर्यादा दुरुस्त्यांनी बदलत आल्या आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली दुरुस्ती वाचा, मागच्या प्रकल्पाची फाइल नव्हे. सल्लागार संस्था नॅबेट (अशा संस्थांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त हवी आणि तिची मान्यता खाण क्षेत्रासाठी, तुमच्या प्रवर्गासाठी असायला हवी. प्रमाणपत्राची मुदत मधेच संपत नाही ना, तेही बघा.

टीओआर आलं की त्याच्या प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालातलं पान लिहायचा तक्ता लगेच उघडा. शेवटी भरायला घेतलात तर निम्मी पानं सापडणार नाहीत.

५. बेसलाइन: ऋतू चुकला की वर्ष हललं

बेसलाइन म्हणजे खाणीआधी तिथलं पर्यावरण कसं आहे त्याची मोजणी. पावसाळा सोडून एका ऋतूची माहिती लागते. टीओआर मे महिन्याच्या शेवटी आलं आणि आधी काही तयारी नसली, तर यंत्रं थेट पावसाळ्यानंतरच लावता येतात. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात सलग बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चोवीस तास हवेचे नमुने. प्रत्येक केंद्रावर चोवीस नोंदी. बाविसाव्या नोंदीला वीज गेली म्हणून आधीच्या दोन आठवड्यांची सरासरी टाकणारे महाभाग आहेत; यंत्राच्या प्रवाहाची वही मागितली की ते उघडे पडतात.

केंद्रं वाऱ्याच्या दिशेवरून निवडा. खाणपट्टा हे गाभा क्षेत्र; अभ्यास त्याभोवतीच्या १० किलोमीटरच्या पट्ट्याचाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, खालच्या बाजूला, सर्वात जवळच्या वस्तीत आणि कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगत केंद्रं हवीतच. चहाची सोय आणि चार्जिंगचा प्लग बघून सगळी केंद्रं ग्रामपंचायतीच्या गच्च्यांवर बसवली तर नकाशा बघताक्षणी कळतं.

चंद्रपूर परिसरात आणखी एक अडचण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण होते. आपली डोंबिवली आणि नवी मुंबईही त्याच अतिप्रदूषितांच्या यादीत होती, तेव्हा नाकं मुरडायचं कारण नाही. मुद्दा असा की तिथली हवा आधीच भरलेली आहे. तुमच्या खाणीची धूळ एकटी मोजून भागत नाही, शेजारच्या खाणी, वीज केंद्र आणि सिमेंट कारखान्यांची धूळ मिळवून एकत्रित चित्र काढावं लागतं. पीएम १० चं (हवेतल्या बारीक धुळीचं) चोवीस तासांचं राष्ट्रीय मानक १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि तुमच्या तक्त्यात त्या भागातल्या सगळ्या गावांत ६०-६५, असं दिसलं तर पहिला संशय तुमच्याच प्रयोगशाळेवर येतो.

वन्यप्राण्यांच्या यादीत नवी अनुसूची वापरा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहाच्या चार अनुसूची झाल्या आणि बऱ्याच प्रजातींची जागा बदलली. जुन्या अहवालातला तक्ता उचलला की पहिल्या अनुसूचीतले प्राणी सुटतात. मग त्यांची संवर्धन योजनाही सुटते, जी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मंजूर करून घ्यायची असते.

सावधान: अहवाल देताना बेसलाइन तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. जनसुनावणी लांबली तर हे वर्षांचं गणित तुम्हालाच सांभाळायचं आहे.

६. मराठी सारांश आणि जनसुनावणी

सारांशाचं मराठी हा माझा जुना राग आहे. इंग्रजीवरून यंत्राने काढलेला मजकूर तसाच छापतात. ओव्हरबर्डनचा 'अतिभार' होतो. गावातला शिकलेला पोरगा तो मोठ्याने वाचतो, मंडपात हशा पिकतो आणि त्यानंतर तुमचं कोणी ऐकत नाही. लिहा: "खाणीतून निघणारी माती आणि दगड. गावाच्या कोणत्या बाजूला, किती उंच, किती वर्षं." सुरुंग रोज किती वाजता उडेल, ट्रक कोणत्या रस्त्याने जातील, विहीर आटली तर पाणी कोण आणि किती दिवसांत देईल, हे पहिल्या पानावर हवं. सारांश त्या गावातल्याच एका माणसाला वाचायला द्या. तो अडखळेल तिथे वाक्य बदला.

क्रम असा: मसुदा अहवाल आणि दोन्ही भाषांतले सारांश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मग मंडळाची जाहिरात, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात, किमान ३० दिवस आधी, मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक संस्था अशा ठरलेल्या ठिकाणी वाचायला. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी. किती माणसं हवीत, अशी गणसंख्येची अट नाही. संपूर्ण चित्रीकरण होतं. खाण दोन जिल्ह्यांत असेल तर सुनावण्याही दोन.

इतिवृत्त त्याच दिवशी, त्याच मंडपात, लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून मग सही. ऊन वाढलंय, लोक उठलेत म्हणून हे टाळू नका. नंतर आव्हान मिळतं ते नेमकं याच बाबीवर.

नेहमीची चूक: प्रश्नाला "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असं उत्तर. हल्ली सुनावणीत दिलेली आश्वासनं रक्कम आणि मुदतीसह पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात उतरवावी लागतात. तेव्हा मंडपात बोलणाऱ्या अधिकाऱ्याला काय कबूल करता येईल, ते आदल्या दिवशी वित्त विभागाला विचारून ठेवा. स्टेजवर शाळेची इमारत कबूल झाली आणि आराखड्यात बाकडी निघाली, असं होऊ देऊ नका.

७. तज्ज्ञ समितीपुढे

परिपूर्ण अहवाल गेल्यावर तज्ज्ञ समितीला ६० दिवस आणि पुढच्या निर्णयाला ४५ दिवस, अशी अधिसूचनेतली मुदत आहे. समितीने शंका काढली की खुलाशात किती दिवस जातील, ते तुमच्या तयारीवर.

सादरीकरण पन्नास स्लाइडचं करू नका. नकाशा, मातीचा हिशेब, पाण्याचा हिशेब, सुनावणीतले मुद्दे आणि त्यापुढची रक्कम. खाणीचा व्यवस्थापक बरोबर असू द्या. ढिगाऱ्याच्या तिसऱ्या वर्षाचा प्रश्न आला की सल्लागार आणि कंपनी एकमेकांकडे बघतात, तो क्षण फार महागात जातो.

८. ईसी आली, पण खोदाई अजून नाही

पत्र आल्याबरोबर ऑफिसात पेढे येतात. वाटू द्या. पण मुख्य व्यवस्थापकाच्या टेबलावर ही यादी ठेवा:

• वन जमीन असेल तर १९८० च्या कायद्याखालची अंतिम मंजुरी. फक्त पहिल्या टप्प्याच्या (तत्त्वतः मंजुरीच्या) पत्रावर झाड तोडू नका. वनहक्क कायदा २००६ खालची दाव्यांची आणि ग्रामसभेची प्रक्रियाही पूर्ण हवी.
• प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती, लागू असेल तर, आणि पुढे उत्पादनाआधी चालू करण्याची संमती.
• खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परवानग्या, सुरुंगाची धरून.
• खाण बंद करण्याच्या आराखड्याचं एस्क्रो खातं (त्याच कामासाठी बँकेत राखून ठेवलेले पैसे).
• ईसी मिळाल्याची जाहिरात सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत, आणि पत्राची प्रत ग्रामपंचायतीला.

ईसीत लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त कोळसा काढणं म्हणजे त्या जादा टनांपुरती बेकायदा खोदाई. ओडिशातल्या खाणींच्या खटल्यात २ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा उत्पादनाची पूर्ण किंमत वसूल करायला लावली. मार्चअखेरीचं टार्गेट गाठताना हे उत्पादन विभागाला आठवत नाही. आठवण द्यायचं काम तुमचं.

९. जमिनीवरचा क्रम: पहिल्या पावसाआधी

कागदावर सगळं एकाच वेळी होतं, जमिनीवर होत नाही. हा क्रम मोडू नका.

आधी बाहेरची नाली आणि गाळ बसायचं तळं. मग ढिगाऱ्याच्या पायथ्याची भिंत. त्यानंतर सुपीक माती उचलून तिच्या जागी. मग पक्का रस्ता, स्थिर फवारे आणि ट्रकची चाकं धुवायची जागा. हरितपट्ट्याची रोपं याच दरम्यान. ओबीचा पहिला टिपर या सगळ्यानंतर. उलट केलंत आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला तर गाळ अडवायला काहीच नसतं.

पहिल्या सुरुंगाआधी जवळच्या घरांची पाहणी करा: भिंतीच्या प्रत्येक तड्याचा तारखेसह फोटो, घरमालकाची सही, एक प्रत त्याच्याकडे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर आहे, वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तेव्हा. ८ ते २५ पर्यंत १०, त्यावर १५. यंत्र घराजवळ ठेवून मोजा, खाणीच्या ऑफिसजवळ नाही. आधीचे फोटो नसतील तर गावातला प्रत्येक तडा तुमचा, अगदी आजोबांच्या काळचासुद्धा.

संपमधलं पाणी नाल्यात सोडण्याआधी तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि सामू (पीएच) ५.५ ते ९ हवा. विहिरींची पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजायची, आणि तिसऱ्या टप्प्यातल्या यादीतल्याच विहिरींची. दर वेळी सोयीची वेगळी विहीर घेतली की चार वर्षांच्या आकड्यांचा काही उपयोग उरत नाही.

सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला, वार्षिक पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत. जूनचा अहवाल लिहायला बेलापूरहून मेल पाठवून फोटो मागवू नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात स्वतः जा, नालीत उतरा आणि टेप लावून तिचा छेद मोजा. उन्हाळाभर उडालेल्या मातीने ती निम्मी भरलेली असेल तर गाळ काढायला अजून पंधरा दिवस हातात असतात.